तलावाकाठचा कार्तिक



दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं की निबंधाच्या वह्या टेबलावर येतात. विषय दरवर्षी जवळजवळ ठरलेला असतो : 'माझा आवडता ऋतू'. वह्या उघडाव्यात तर पहिल्याच पानावर झाडांची पिवळी पानं गळून पडलेली असतात. दुसऱ्या वहीत लोकरीचे स्वेटर आणि शेकोटी. तिसऱ्या वहीत तर चक्क बर्फाची पांढरी चादर! मुलं हे कुठून आणतात ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गाईडमधून, मोबाइलवरून, नाहीतर मोठ्या भावंडाच्या जुन्या वहीतून.

मी सावंतवाडीत मराठी शिकवते. हे गाव मोती तलावाभोवती वसलेलं आहे. एका काठाला राजवाडा, दुसऱ्या काठाला रस्ता, दुकानं, रिक्षा आणि संध्याकाळी फिरायला निघालेली माणसं. बाजारात जायचं असो की एसटी स्टँडवर, तलाव दिसल्याशिवाय दिवस जात नाही. अशा गावातल्या मुलांच्या वहीत बर्फ पडतो आणि खिडकीबाहेरचा कार्तिक मात्र येत नाही, याचं मला फार नवल वाटतं. म्हणून या कार्तिकाबद्दलच लिहायचं ठरवलं.

पानगळ नसलेला शरद

आधी शब्दांचा गोंधळ सोडवू. इंग्रजीच्या तासाला मुलं 'ऑटम' शिकतात आणि त्याचा अर्थ 'शरद' असा लिहून घेतात. ऑटम म्हणजे पानगळ, हेही त्याच तासाला कळतं. मग सोपा हिशेब : शरद म्हणजे पानगळ. पण आपल्या सहा ऋतूंची मांडणी वेगळी आहे. आश्विन-कार्तिक म्हणजे शरद, मार्गशीर्ष-पौष म्हणजे हेमंत आणि माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर. आपल्याकडची पानगळ ही शिशिराची. कार्तिकात आमच्या डोंगरांवर झाडं अजून हिरवीगार असतात. फक्त हिरव्याचा रंग बदललेला असतो. श्रावणातला ओला, चकचकीत हिरवा जाऊन थोडा धुळकट, मळकट हिरवा आलेला असतो. सुकतं ते गवत. बांधावरचं, सड्यावरचं गवत आधी पिवळं होतं आणि मग सोनेरी.

यामागचं कारणही मुलांना सांगण्यासारखं आहे. थंड देशांत झाडं पानं टाकतात ती थंडीला आणि कमी होत जाणाऱ्या उजेडाला तोंड देण्यासाठी. आपल्याकडचे साग, सावर, पांगारा हे वृक्ष पानं टाकतात ते मुख्यतः पाणी वाचवण्यासाठी. पावसानंतर जमिनीत ओल असेपर्यंत त्यांना घाई नसते. ती ओल आटत जाते तशी पानगळ सुरू होते. दोन्हीकडे झाड करतं एकच, पानं टाकतं. पण कारण वेगळं आणि महिनाही वेगळा. एवढं समजलं की मूल 'शरदात पानं गळतात' हे वाक्य लिहिताना क्षणभर तरी थांबतं आणि खिडकीबाहेर बघतं. मला तेवढंच हवं असतं.

पहाटेचं पाणी

या दिवसांत पहाटे सहाला तलावाकाठी गेलं तर समोरचा राजवाडा दिसत नाही. नरेंद्र डोंगरही नसतो. पाण्यावरून पांढरी वाफ निघत असते, चहाच्या टोपातून निघते तशी. धुक्यात आधी आवाज ऐकू येतात. कुणाची तरी सायकल, दूधवाल्याचं हॉर्न, देवळातली घंटा. मग हळूहळू माणसं दिसू लागतात.

सहावीतल्या एका मुलाने विचारलं होतं, "बाई, थंडी असताना पाण्याला वाफ कशी येते? वाफ तर गरम पाण्याची असते ना?" प्रश्न अगदी बरोबर आहे. रात्री आकाश निरभ्र असलं की जमीन आपली उष्णता भराभर सोडते आणि जमिनीलगतची हवा गार होते. पाणी मात्र जमिनीपेक्षा सावकाश निवतं. पहाटे तलावाचं पाणी वरच्या हवेपेक्षा किंचित कोमट असतं. त्यातून वर जाणारं बाष्प गार हवेत शिरलं की त्याचे बारीक थेंब होतात आणि तेच आपल्याला वाफेसारखे दिसतात. ऊन चढलं की हवा तापते आणि साडेआठ-नऊपर्यंत राजवाडा पुन्हा जागेवर येतो! विज्ञानाच्या तासाला बाष्पीभवन आणि संघनन फळ्यावर शिकवतो तेव्हा मुलं पाठ करतात. इथे ते रस्त्याच्या कडेला उभं राहून बघता येतं.

या दिवसांत पाण्याच्या कडेने शेपटी वरखाली हलवत तुरुतुरु पळणारा एक छोटा पक्षी दिसतो. हा धोबी, कुणी त्याला परीट म्हणतात. पावसाळ्यात त्याचा पत्ता नसतो. हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडच्या थंड मुलखातून तो पावसाळा संपता संपता आपल्याकडे येतो आणि उन्हाळा लागताना परत जातो. मुठीत मावेल एवढा जीव इतक्या लांबून येतो, आणि आपण त्याच्या शेजारून मोबाइल बघत जातो. खंड्या आणि पाणकावळा हे मात्र इथलेच, बारमाही रहिवासी. मुलांना मी सांगते, पाहुणा कोण आणि घरचा कोण एवढं जरी ओळखता आलं तरी पक्षी बघायला सुरुवात झाली.

संध्याकाळची एक गंमत अशी. गेली काही वर्षं मी सातवीच्या मुलांना नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सूर्य मावळण्याची वेळ कॅलेंडरमध्ये बघून वहीत उतरवायला लावते. सगळ्यांना पाठ असतं की २१-२२ डिसेंबर हा सर्वांत लहान दिवस. मग सूर्यही त्याच दिवशी सर्वांत लवकर मावळत असणार, असं ती धरून चालतात. पण वही वेगळं सांगते. आमच्याकडे सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सहाच्या सुमारास. डिसेंबर लागला की सूर्यास्त हळूहळू पुढे सरकतो. सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा-उशिरा होत जातो. घड्याळातले बारा आणि सूर्य माथ्यावर येण्याची वेळ वर्षभर सारखी जुळत नाही, म्हणून हा घोळ. पाठ केलेलं वाक्य चुकीचं नसतं, पण अपुरं असतं. हे मुलांना स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या तक्त्यातून कळलं, की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

गरव्या भाताचा निबंध

आता ज्या निबंधामुळे हे सगळं लिहावंसं वाटलं, त्याच्याकडे येते.

आठवीतली एक मुलगी सत्र सुरू झाल्यावर चार दिवस आलीच नाही. पाचव्या दिवशी आली तेव्हा हातावर बारीक बारीक चरे. विचारलं तर म्हणाली, "बाई, भात कापूक गेल्लंय." त्याच आठवड्यात तिने निबंध दिला. पाऊण पान. त्यात ना उपमा, ना सुविचार. साधारण असा मजकूर होता : आमचं भात गरवं आहे. हळवं भात दसऱ्याला होतं, आमचं दिवाळीनंतर होतं. या वर्षी कापलं आणि त्याच रात्री पाऊस आला. आजी कंदील घेऊन खळ्यात गेली आणि पेंढ्या उलट्यापालट्या करत बसली. बाबा गोव्याला कामाला जातात, त्यांना दोनच दिवस सुट्टी मिळाली. माणसं मिळत नाहीत. पुढच्या वर्षी वरचा कुणगा करायचा नाही, असं बाबा म्हणाले. आजी काही बोलली नाही.

मी तो वर्गात वाचून दाखवला. थोडा वेळ सगळे गप्प होते. मग मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, पण हा निबंध 'माझा आवडता ऋतू' या विषयावर कसा? ह्यात ऋतू कुठे आहे?"

प्रश्न खोडसाळ नव्हता. त्या मुलाला खरंच ऋतू दिसत नव्हता. कारण ऋतू म्हणजे 'गुलाबी थंडी', 'निसर्गाची किमया', असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी उत्तर दिलं नाही, वर्गालाच विचारलं. मग एकेक हात वर येऊ लागले. कुणी म्हणालं, दसरा आणि दिवाळी यांत भाताची दोन वेळापत्रकं आली. कुणी म्हणालं, परतीचा पाऊस आला. कुणी सांगितलं, आमच्या वाडीत गवे येऊन भात खाऊन गेले. कुणी म्हणालं, आमचं शेत तर पडीकच आहे, तिथे आता रान वाढलंय. शेवटी ज्याने प्रश्न विचारला होता तोच म्हणाला, "म्हणजे बाई, हा ऋतू त्यांच्या घरात घडतोय."

यापेक्षा चांगली व्याख्या मला तरी सुचली नसती.

पण इथेच थांबून हा किस्सा गोड करून सोडणं बरोबर नाही. त्या मुलीची आई दोन दिवसांनी शाळेत आली. जरा अवघडून उभी राहिली. "बाई, चार दिवस बुडाले तिचे. हात कमी पडले म्हणून नेली. रागावू नका." मी त्यांना बसवलं. त्यांना सांगितलं की चार दिवसांत गणिताचे दोन घटक पुढे गेलेत आणि ते तिला भरून काढावे लागतील. त्यात सूट नाही. आणि हेही सांगितलं की पोरीने जे लिहिलंय ते अख्ख्या वर्गात दुसऱ्या कुणाला लिहिता आलेलं नाही. आई म्हणाली, "त्यात काय लिहिण्यासारखं? रोजचंच तर आहे."

पालकहो, मला बोलायचंय ते याच वाक्याबद्दल. शेतीच्या कामासाठी मुलांची शाळा बुडू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मूल शेतात शिकलेलं काही वर्गात घेऊन आलं, तर त्याला 'रोजचंच' म्हणून दाराबाहेर ठेवणंही बरोबर नाही. हळवं, निमगरवं आणि गरवं हे शब्द त्या मुलीला ठाऊक आहेत. भात झोडणं, वारवणं आणि वाळवणं यांचा क्रम तिला पाठ करावा लागत नाही. भात निघाल्यावर राहिलेल्या ओलीवर कुळीथ आणि चवळी होते, हे तिला माहीत आहे. वरचा कुणगा पुढच्या वर्षी पडीक राहिला, तर या शब्दांपैकी काही तिच्या तोंडी राहतील आणि तिच्या मुलांना कदाचित ते ऐकायलाही मिळणार नाहीत. शेत राखणं शाळेच्या हातात नाही. पण ते शब्द वहीत उतरवून घेणं नक्कीच आपल्या हातात आहे.

तुळशीचं लग्न, जत्रा आणि न लिहिलेले संवाद

कार्तिकात आमच्याकडे आणखी एक शाळा भरते, ती रात्री.

आधी तुळशीचं लग्न. घरोघरी वृंदावन रंगवतात, त्यात ऊस आणि दिंड्याची काठी रोवतात, चिंचा-आवळे ठेवतात. या तिन्ही-चारही गोष्टी नेमक्या याच दिवसांत रानात आणि बाजारात मिळतात. सणाचं ताट म्हणजे त्या महिन्याची यादीच असते. मुलांना नुसतं 'आमच्या घरी तुळशीचं लग्न झालं' असं न लिहिता, 'त्यात काय काय ठेवलं आणि ते कुठून आणलं' एवढं लिहायला सांगा. निम्मा वनस्पतिशास्त्राचा धडा हाती येतो.

मग जत्रा सुरू होतात. कार्तिक पौर्णिमेच्या सुमाराला सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणांची जत्रा असते, आणि त्यानंतर गावोगावच्या जत्रांची रांगच लागते. देवळासमोर खाजाची दुकानं, ओटीचं सामान, खेळणी, आणि रात्री दशावतार. पेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीवर पहाटेपर्यंत नाटक चालतं. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात अर्धी मुलं डुलक्या घेतात. आधी मला त्याचा वैताग यायचा. आता मी त्या दिवशी पहिला तास मराठीचाच मागून घेते.

कारण भाषेच्या शिक्षकाने दशावतारात बघण्यासारखी एक गोष्ट आहे. तिथे संवाद लिहिलेले नसतात. रात्रीचं कथानक ठरतं, कुणी कोणती भूमिका करायची ते ठरतं आणि मग राजा, राक्षस, नारद रंगमंचावर उभे राहून आपापलं बोलणं तिथल्या तिथे रचतात. समोरच्याने टाकलेल्या शब्दाला शब्द द्यायचा, पुराणातला दाखला द्यायचा आणि प्रेक्षक पेंगत असतील तर त्यांना हसवायचंही. हे करणाऱ्यांपैकी कितीतरी जण दिवसा शेतात किंवा दुकानात काम करणारे असतात. आपण वर्गात 'संवादलेखन' शिकवतो, पाच गुणांसाठी. मुलांनी रात्रभर त्याचंच प्रात्यक्षिक बघितलेलं असतं. त्यांना नुसतं विचारा, "काल राजाला उत्तर कसं दिलं रे?" डुलक्या कुठल्या कुठे पळतात. घरात मालवणी बोलणारी, वर्गात प्रमाण मराठीला बिचकणारी मुलं अशा वेळी राजाच्या तोंडची भारदस्त भाषा घडाघडा बोलून दाखवतात.

जाता जाता एक. सावंतवाडीची गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. त्यातल्या दशावतारी गंजिफेत विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग असतात आणि प्रत्येक रंगाचे बारा पत्ते, म्हणजे एकूण १२० पत्ते. रात्री देवळासमोर जे अवतार रंगमंचावर येतात तेच तलावाकाठच्या राजवाड्यात पत्त्यांवर रंगवले जातात. दिवाळीनंतर पर्यटक वाढतात, चितारआळीत लाकडी फळं आणि खेळण्यांची गिऱ्हाइकी वाढते. मुलांना तिथे फक्त सहलीला न नेता कारागिरांशी बोलायला न्यावं. प्रश्न मात्र आधी वर्गात तयार करून घ्यावेत, नाहीतर सगळे एकच विचारतात : "हे केवढ्याला?"

मोहराची वाट

नोव्हेंबर संपत आला की गावातल्या गजालींचा विषय बदलतो. मासळी बाजारात अजून बांगड्याचा भाव चालू असतो, पण आंब्या-काजूची बाग असणारी माणसं आभाळाकडे बघायला लागलेली असतात. आमच्या शेजारी एक वयस्कर बागायतदार राहतात. रोज सकाळी अंगणात उभे राहून ते एकच सांगतात, "थंडी पडाक व्हयी. थंडी नाय तर मोहर नाय." रात्री पुरेशा गार झाल्या की आंबा मोहर धरतो. उशिरापर्यंत पाऊस राहिला आणि जमिनीत ओल राहिली तर झाड मोहराऐवजी पालवी काढतं. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात ताटात येणाऱ्या हापूसची गोष्ट याच थंडीत सुरू होते. पहाटे आपल्याला नुसतं कुडकुडायला होतं. कुणाचं तरी वर्षाचं गणित त्या गारठ्यावर ठरत असतं.

म्हणूनच मला वाटतं की ऋतूचा निबंध हा 'सोपा विषय' नाही. त्यात हवामान आहे, शेती आहे, रोजगार आहे, सण आहेत, भाषा आहे. गोव्याला पहाटेच्या गाडीने जाणारे बाबा आहेत आणि खळ्यात पेंढ्या उलटणारी आजी आहे. हे सगळं सोडून मुलाने बर्फाबद्दल लिहिलं तर तो निबंध शुद्धलेखनात बरोबर असेल, पण त्यात ते मूल नसेल.

करून पाहण्यासारखं

तुमचं गाव तलावाकाठी नसेल, नदीकाठी असेल, माळावर असेल, शहरातली एखादी गल्ली असेल. काही बिघडत नाही. पुढच्या वेळी 'माझा आवडता ऋतू' हा विषय देण्याआधी मुलांना एक आठवडा द्या आणि रोज एकच ओळ लिहायला सांगा. आज सकाळी काय दिसलं? बाजारात नवीन काय आलं? घरातली मोठी माणसं कशाची काळजी करत होती? कोणता शब्द आज पहिल्यांदा ऐकला? सात ओळी झाल्या की निबंध त्यातूनच लिहायचा. 'गुलाबी थंडी' लिहायला बंदी नाही, पण ती आपल्याला कुठे आणि कधी जाणवली, ते सांगावं लागेल.

पालकांनी एवढंच करावं की मुलाने काही विचारलं तर 'रोजचंच तर आहे' असं म्हणू नये. भाताचं नाव, माशाचं नाव, झाडाचं नाव, जुन्या कामाचा शब्द, जे माहीत असेल ते सांगावं. आजी-आजोबा घरी असतील तर त्यांच्याकडे पाठवावं.

त्या आठवीतल्या मुलीची वही सध्या माझ्याकडे आहे. तिने मागच्या पानांवर भाताच्या शब्दांची यादी करायला घेतली आहे, आजीला विचारून. पहिल्या आठवड्यात तेवीस शब्द झाले. त्यातले सहा मला माहीत नव्हते. गणिताचे राहिलेले दोन घटकही मधल्या सुट्टीत चालू आहेत.